जर्मनीत गेल्यावर घरच्यांसोबत खरंच निवांत राहता येतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात दोघंही नोकरी करता, लेकरू पाळणाघरात असतं, आता तुमच्या नवऱ्याला जर्मनीत काम मिळतंय. तिकडे घरासाठी वेळ मिळतो म्हणतात ते खरं का, आणि वर्ध्याकडे गावी असलेल्या सासू-सासऱ्यांचं काय? आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात राहतो, मूळ गाव दारव्हा तालुक्यात. मुलीच्या शाळेला उन्हाळी सुट्टी आहे, म्हणून सध्या गावीच आहोत. (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पोळा.)

वेळ मिळतो, नक्की मिळतो. तिथली माणसं फार निवांत असतात असं नाही, पण कायदाच तसा आहे. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती द्यावीच लागते. रविवारी जवळपास सगळी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीचं कलम १९१९ च्या राज्यघटनेतलं, ते आजच्या घटनेतही कायम ठेवलंय. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं किंवा गवत कापायचं मशीन काढलं की शेजारी दार वाजवतो. नवीन असताना हा दिवस अंगावर येतो, जायचं कुठे हेच कळत नाही. मग आपसूक डबा बांधून जंगलात फिरायला जाणं सुरू होतं. माझं तर मत आहे की निम्मा निवांतपणा पैसे खर्च करायला जागाच नसल्यामुळे येतो!

मुलगी झाली तेव्हा मी दोन महिने घरी होतो. आईवडील दोघांनी सुट्टी वाटून घेतली तर पालकभत्ता एकूण १४ महिने मिळतो. आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. हे गावात फोनवर सांगितलं तर काका म्हणाले, "लेकरू सांभाळाले सुट्टी? खरं सांग, कामावरून काढलं का तुले?" अजूनही त्यांचा पुरता विश्वास बसलेला नाही.

पण हात कमी पडतात. कामाला बाई परवडत नाही, आई नाही, काकू नाही. लेकराला ताप आला की दोघांपैकी एकाने घरी राहायचं. सरकारी पद्धतीचा आरोग्यविमा असेल तर त्यासाठी सध्या प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवस मिळतात, आणि तेही हिवाळ्यात भराभर संपतात. आमच्या घरी ही अर्ध्या वेळेचं काम करते. १५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने झाले की तसं मागण्याचा हक्क आहे. पगार अर्थातच कमी होतो. पुण्यातल्या मित्रांचे दुसरे फ्लॅट बघून ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आता सासू-सासऱ्यांचं. गावातलं आयुष्य संथ असतं असं शहरातल्यांना वाटतं. माझी आई पहाटे उठते ती रात्रीच टेकते, निंदणाला माणूस मिळत नाही म्हणून या वयातही वावरात जाते. मात्र लेकरू इथे कोणा एकाच्या गळ्यात नसतं. काल बैलांची खांदशेकणी झाली. बाबा पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावत होते, मुलगी वाटी धरून उभी. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" हे तिने बैलाच्या कानात इतक्या वेळा सांगितलं की बाबा म्हणाले, "बस झालं माय, आयकलं त्यानं." तासभर आम्हा दोघांना कोणी हाकही मारली नाही. तिकडे असा तास मिळत नाही.

आणि फोनचं म्हणाल तर उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. आम्ही संध्याकाळी सातला जेवायला बसतो तेव्हा गाव झोपलेलं असतं. म्हणून आम्ही सकाळच्या न्याहारीला फोन लावतो. त्या वेळी आईची भाकर टाकायची गडबड नसते.

एक गोष्ट मात्र जायच्या आधी बघून घ्या. मूल साधारण सहा वर्षांचं झालं की शाळा सक्तीची, आणि गावी जायचंय म्हणून शाळा बुडवू देत नाहीत; दंड होतो. म्हणजे लांब मुक्काम करायचे ते त्याआधीच. नंतर सगळा खेळ उन्हाळी सुट्टीवर, आणि ती राज्याप्रमाणे बदलते. बवेरिया आणि आमच्या बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये ती दरवर्षी उशिरा, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, त्यामुळे बहुतेक वर्षी पोळा आणि तान्हा पोळा गावी सापडतो. बाकीच्या राज्यांत तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, कधी कधी तर जूनमध्येच सुट्टी लागते, ऐन पेरणीच्या घाईत. नवऱ्याला दोन शहरांतून निवडायला मिळत असेल, तर पगारासोबत हेही विचारात घ्या.