भूल देण्याआधी वजन उतरवायचे कशासाठी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे वय 34, उंची 170 सेंटिमीटर आणि वजन 160 किलो आहे. तो जोरजोरात घोरतो आणि दिवसा बसल्या जागी झोपी जातो. सर्जननी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. मात्र त्याआधी झोपेची तपासणी करून आणि दोन आठवडे ठरावीक आहारावर राहून थोडे वजन उतरवण्यास सांगितले आहे. वजन उतरत असते, तर शस्त्रक्रियेची वेळ आलीच नसती! शिवाय 2017 साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया झालेली इजिप्तची महिला पुढे दगावली, हे आठवून आई घाबरली आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : त्या महिलेचे वजन सुमारे 500 किलो होते, तिला पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि कित्येक वर्षे ती अंथरुणाला खिळून होती, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचा मृत्यू झाला. आपल्या हिंडत्या-फिरत्या भावाची तिच्याशी तुलना होऊ शकत नाही. मात्र त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 55 च्या घरात आहे आणि इतक्या स्थूल व्यक्तीला धोका इतरांहून अधिक असतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत स्थूलतेवरील शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 4,800 रुग्णांच्या पाहणीत (2009) पहिल्या 30 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन, आढळले. गंभीर गुंतागुंत कोणाला अधिक झाली, हे त्याहून महत्त्वाचे आहे : ज्यांना पूर्वी पायांत किंवा फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, ज्यांचा श्वास झोपेत अडत असे, ज्यांना थोडेही चालवत नव्हते आणि ज्यांचा बीएमआय फार मोठा होता. भावाचे घोरणे आणि दिवसाची झोप याच यादीकडे बोट दाखवते. झोपेत श्वास अडत असल्याचे निघाल्यास शस्त्रक्रियेच्या आधीपासून रात्री सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावावे लागते, म्हणजे भुलीनंतर श्वास अडण्याचा धोका कमी होतो.

दोन आठवड्यांच्या आहाराने स्थूलता हटेल, असे सर्जननाही वाटत नाही. चरबीने फुगलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. या आहाराने तो आक्रसला, तर दुर्बिणीतून जठर स्पष्ट दिसते आणि यकृताला इजा होण्याची भीती कमी होते. त्यामुळे हा आहार चुकवू नये. मधुमेहाची औषधे चालू असल्यास त्यांचे प्रमाण आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावे.

घरी परतल्यावर जठराच्या टाक्यांच्या रेषेतून गळती होऊ शकते, आणि ती काही वेळा आठवडाभरानेही उघड होते. नाडी मिनिटाला 120 च्या वर राहिली, ताप आला, डावा खांदा दुखू लागला किंवा धाप लागली, तर 'गॅस झाला असेल' असे म्हणून घरगुती उपायांत रात्र घालवू नये. तडक रुग्णालय गाठावे. उलट्या थांबत नसतील, तरीही दाखवावे, कारण सततच्या उलट्यांमुळे होणाऱ्या ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूला व नसांना इजा होते. ब-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आयुष्यभराच्या आहेत, आणि भाऊ त्या नेमाने घेणार आहे का, हे तारीख ठरवण्यापूर्वी त्यालाच विचारावे.