शाळा होमवर्क देत नाही, मग घरी काय घ्यायचं?

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे, आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. त्याच्या शाळेत होमवर्क अजिबात देत नाहीत, वह्यासुद्धा शाळेतच ठेवून घेतात. शेजारची मुलगी त्याच्याच वयाची, ती रोज दोन पानं लिहिते आणि ट्युशनलाही जाते. सासूबाई म्हणतात, असंच चाललं तर पोरगं मागे पडेल. मिस्टर सातपूरला शिफ्टमध्ये आणि मी पण दुपारपर्यंत नोकरी करते. वर्कबुक आणली तर तो पाच मिनिटं बसत नाही, नुसती रडारड. काय करू?

उत्तर : ताई, ती वर्कबुक सध्या कपाटात ठेवून द्या. शाळा काही टाळाटाळ करत नाहीये, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातच दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांची काळजी खरी आहे पण त्यासाठी पोराला रडवायची गरज नाही.

आणि होमवर्क नाही म्हणजे घरी काहीच नाही असंही नको हं. घरातली जी कामं तुम्ही करताच त्यात त्याला घ्या, म्हणजे खरोखर घ्या, शेजारी उभं करून नाही. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात जाता ना, मग मेथीची जुडी १५ ची असली तर २० ची नोट त्याच्या हातात द्या आणि विचारा, किती परत येतील? विचारलं की गप्प बसायचं. आपण काय करतो, दोन सेकंदात उत्तर देऊन मोकळे होतो, त्याला बोटं मोजू द्या, चुकला तर भाजीवाल्या मावशी परत देतील ते पैसे त्यालाच मोजायला लावा. घरी आल्यावर वाटाणे सोलायला बसवा, एका शेंगेत किती निघाले, सगळ्यात जास्त कुठल्या शेंगेत, आणि सोलून बोटांना जो जोर येतो तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो.

लिहिण्यासाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे चिठ्ठी. मिस्टरांची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा मुलाने एक ओळ लिहून फ्रीजवर लावायची, ‘बाबा आज मी अंडं खाल्लं’ एवढंच, आणि बाबांनी रात्री आल्यावर त्याखाली उत्तर लिहून ठेवायचं. सकाळी उठल्यावर तो ते वाचायला धावतो की नाही बघा. अनुस्वार राहिला, वेलांटी चुकली तरी लाल पेन घेऊ नका, बाबांच्या उत्तरात तो शब्द बरोबर लिहिलेला असला की पुरे.

रात्री झोपताना १०-१५ मिनिटं पुस्तक वाचून दाखवा, ओळीखाली बोट फिरवत, आणि तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा, कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही, आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासूनचं आहे, तिथे मुलांचा विभाग आहे, पुस्तक त्यालाच निवडू द्या. तुम्ही थकला असाल तर हे काम सासूबाईंना द्या, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी तर कुठल्याच पुस्तकात मिळणार नाहीत.

एक मात्र बघा, तो टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतो का, हाक मारली की दोन-तीनदा मारावी लागते का. तसं असेल तर डोळे-कान तपासून घ्या आणि टीचरना भेटा.

प्रश्न : मुलगी सीनियर केजीला, इंग्लिश मीडियम. आम्हा दोघांना इंग्लिश जेमतेम येतं. घरी मोडकंतोडकं का होईना इंग्लिशच बोलावं का?

उत्तर : नको. तुम्हाला जी भाषा भरभरून येते तीत बोला. मुलांना शब्द गप्पांतून मिळतात, आणि मोडक्या इंग्लिशमध्ये गप्पा ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ वरच संपतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं सांगितलंय. शाळेत आज काय झालं ते मराठीतच विचारा, ‘काय शिकवलं?’ पेक्षा ‘डब्याच्या वेळी कोणाशेजारी बसलीस?’ असं विचारलंत तर ती जास्त बोलेल.