कर्करोगाच्या एकाच गाठीतल्या पेशी एकमेकींना पसरायला मदत करतात का? करत असतील तर त्यांच्यात निरोप नेणारं प्रथिन अडवून भागेल का?

करतात. हे पटवून देण्यात माझ्या पीएचडीचं अख्खं वर्ष गेलं, म्हणून लिहितेय.

माझ्याकडे एकाच गाठीतून वेगळ्या काढलेल्या दोन प्रकारच्या पेशी होत्या. एक प्रकार आक्रमक. दुसरा इतका सुस्त, की मॅट्रिजेलचा (पेशींभोवतालच्या जाळ्यासारख्या जेलचा) थर पार करून इन्सर्टच्या, म्हणजे सच्छिद्र पडद्याच्या तळाच्या कपाच्या, ८ मायक्रॉनच्या छिद्रांतून खाली फारशा कोणी उतरायच्याच नाहीत. आक्रमक पेशी २४ तास ज्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) ठेवल्या होत्या, ते मी सुस्त पेशींच्या इन्सर्टखाली घातलं. दुसऱ्या दिवशी पेशींना जांभळं करणाऱ्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं, तर पडद्याची खालची बाजू गच्च जांभळी!

माझे गाइड, सर, म्हणाले, "अगं, कंटॅमिनेशन (भेसळ) आहे. आक्रमक पेशीच आल्यात मीडियममधून."

मग मीडियम ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, त्यातून पेशी जाऊच शकत नाही. तरीही जांभळं. सुस्त पेशींना हिरव्या फ्लुरोसंट प्रथिनाची खूण केली, खाली उतरलेल्या पेशी हिरव्याच निघाल्या. शेवटी तेच मीडियम उकळून वापरलं (उकळल्यावर प्रथिनं बिघडतात), आणि पडदा जवळजवळ कोरा. म्हणजे बहुधा प्रथिनच. तरी सरांचं पालुपद एकच: "सगळ्यात आक्रमक क्लोन (एकाच पेशीपासून झालेला गट) शोधायचा, तोच मारायचा. बाकीच्यांत वेळ घालवू नकोस."

हे साफ चूक आहे. २०१० मध्ये ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या कर्करोगात) दिसलं की ईजीएफआर या वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाचं बदललेलं रूप असलेल्या मोजक्या पेशी आयएल-६ आणि एलआयएफ ही संदेशवाहक प्रथिनं सोडतात आणि त्यावर शेजारच्या पेशी वाढतात. ती वाढ होती, घुसखोरी नव्हे. पण २०१४ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशातल्या मेलानोमात (त्वचेच्या कर्करोगात) घुसखोर पेशींच्या मागोमाग एरवी न घुसणाऱ्याही शिरल्या. पुढच्यांनी प्रोटिएजने (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने) वाट मोकळी केली होती, फायब्रोनेक्टिन हे पेशींना पकड देणारं प्रथिन अंथरलं होतं.

अडवून भागेल का? एकच प्रथिन अडवून भागेल यावर माझा भरवसा नाही. वाट पोखरणारी एमएमपी एन्झाइम्स (प्रोटिएजचाच एक प्रकार) रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधं चाचण्यांत अपेशी ठरली, वर रुग्णांचे सांधे दुखायला लागले. आणि हो, माझा प्रयोग प्लेटमधला होता. शरीरात फायब्रोब्लास्ट (ऊती बांधणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या पेशी) हेही असेच संदेश सोडत असतात, त्यामुळे कोणाचं प्रथिन कोणाला हलवतंय हे सुटं करणं फार अवघड.

तुम्ही स्वतः लॅबमध्ये असाल तर मिश्र कल्चर (दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवणं) केल्याशिवाय कुठल्याही क्लोनवर "निरुपद्रवी" असा शिक्का मारू नका. आणि कोणी तसा मारलाच, तर विचारा, त्या पेशी एकट्या वाढवून पाहिल्या होत्या की शेजारणींबरोबर?