शंभर रुपयांचं इंजेक्शन, पाळीची तारीख आणि डॉ. बडवे: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

मागच्या भागात टाटा मेमोरियलचे ब्रेस्ट कॅन्सर सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या संशोधनाचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी स्वतः हीच ऑपरेशनं करते, पण रिपोर्ट आणि पेशंट न बघता कुणाला औषध सांगणार नाही, त्यामुळे ते प्रश्न बाजूला ठेवलेत, रागावू नका.

प्रश्न : मी एमएस सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात सर्जनचं काम टेबलावर, रिसर्च लॅबवाल्यांनी करावा. ब्रेस्ट सर्जन नेमका कसला रिसर्च करतो? (छत्रपती संभाजीनगर)

सरांचा मान राखून सांगते, मला नाही पटत. आज आपण पूर्ण स्तन न काढता नुसती गाठ काढून वर रेडिएशन देतो ना, ते कुणामुळे? अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबर्टो व्हेरोनेसी, दोघंही सर्जनच. त्याआधी कित्येक दशकं छातीच्या स्नायूसकट सगळं खरवडून काढायचे आणि जितकं जास्त कापाल तितकी बाई जास्त जगेल हे कुणी तपासलंही नव्हतं, सगळ्यांनी धरूनच चाललेलं. या दोघांनी पेशंटचे रँडम गट पाडून ते तपासलं आणि २००२ मध्ये दोघांचे वीस वर्षांचे निकाल एकाच जर्नलच्या एकाच अंकात आले, की जगण्यात काहीच फरक नाही. हे कुठल्या लॅबमध्ये कळलं असतं?

बडव्यांचं सुरुवातीचं गाजलेलं काम तर त्याहून साधं, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या जुन्या फायली, आणि प्रत्येक फाइलमधून दोन तारखा, शेवटची पाळी कधी आली आणि ऑपरेशन कधी झालं. मशीन नाही, जनुकांच्या टेस्ट नाहीत. त्यातून काय निघालं ते पुढच्याच प्रश्नात आहे, वाचा.

प्रश्न : बहीण ४१ वर्षांची आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. मैत्रीण म्हणते पाळीनंतरच्या पहिल्या दिवसांत ऑपरेशन केलं तर कॅन्सर पसरतो. तारीख बदलून घेऊ का? (सांगली)

नको, ताई. तारीख आहे तीच राहू दे.

मैत्रिणीने ऐकलंय ते हवेतलं नाही पण. १९९१ मध्ये बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये त्याच फायलींवरचा पेपर आला, पाळी चालू असलेल्या २४९ बायकांचा. शेवटच्या पाळीपासून ३ ते १२ व्या दिवसात ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या आणि बाकीच्या दिवसांत झालेल्यांमधल्या ८४ टक्के. आकडे बघून कुणाचीही झोप उडेल. कल्पना अशी होती की बाईच्या शरीरातल्या दोन हॉर्मोन्सपैकी त्या दिवसांत इस्ट्रोजेन एकटंच असतं, प्रोजेस्टेरॉन जोडीला नसतं, आणि नेमकं तेव्हा गाठीला हात लावला की पेशी जास्त सुटतात. मग जगभरात लोकांनी आपापल्या फायली काढल्या, काहींना तसंच दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही.

इथे बरेच जण पेपर फ्रेम करून पुढे जातात, बडव्यांनी मुंबईत त्याची ट्रायल केली. सुमारे १००० बायका, अर्ध्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन, अर्ध्यांना नाही. निकाल आला २०११ मध्ये, म्हणजे पहिल्या पेपरनंतर वीस वर्षांनी. एकूण बघितलं तर ठोस फरक नाही. ज्यांच्या काखेतल्या गाठींत कॅन्सर पोचला होता त्यांच्यात मात्र पाच वर्षं आजार न उलटण्याचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत ६५ टक्के आणि बाकीच्यांत ५५ टक्के असं दिसलं, पण ते एका गटापुरतं, त्यावर सगळ्यांची ट्रीटमेंट बदलत नाही. त्यामुळे तारखेच्या मागे लागून ऑपरेशन पुढे ढकलू नका.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर फिरतंय की टाटाच्या डॉक्टरांनी १०० रुपयांच्या इंजेक्शनने ब्रेस्ट कॅन्सर बरा केला आणि औषध कंपन्या दाबून ठेवतायत. खरं काय? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

अर्धं खरं, आणि जे खरं आहे ते फॉरवर्डपेक्षा भारी आहे.

इंजेक्शन म्हणजे लिग्नोकेन. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत देतात तेच, जागा बधिर करायचं. त्याने कॅन्सर बरा होत नाही, ऑपरेशन, केमो, रेडिएशन, गोळ्या सगळं लागतंच. बडव्यांच्या टीमचा प्रश्न होता की गाठ हलवताना, दाबताना, कापताना तिच्या पेशींना जो झटका बसतो त्यानेच त्या पसरायला प्रवृत्त होत असतील, तर कापण्याआधीच त्यांना शांत करता येईल का? कॅन्सरच्या पेशींवरही सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत घ्यायच्या वाटा, असतात आणि लिग्नोकेन त्याच बंद करतं, असा तर्क.

करतात कसं ते सांगते म्हणजे कळेल किती साधं आहे. पेशंटला पूर्ण भूल दिलेली असते. मग सर्जन एका हाताने गाठ धरून तिच्याभोवती, वरून, खालून, सगळ्या बाजूंनी ०.५ टक्क्याचं लिग्नोकेन सोडतो, गाठीच्या आत नाही, भोवती. आणि मग थांबायचं. ७ ते १० मिनिटं. सर्जन मंडळींना ऑपरेशन थिएटरमध्ये हातावर हात ठेवून उभं राहणं किती जड जातं ते आमच्या सिस्टरना विचारा! तेवढं झालं की चीर द्यायची, पुढचं ऑपरेशन नेहमीसारखंच.

याचीही ट्रायल झाली, २०११ ते २०२२, देशातली ११ सेंटर्स, १६०० बायका, अर्ध्यांना हे इंजेक्शन, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांनी आजार न उलटता असलेल्या इंजेक्शनवाल्यांत ८६.६ टक्के, बाकीच्यांत ८२.६ टक्के, आणि हयात असलेल्या ९०.१ विरुद्ध ८६.४. म्हणजे शंभर बायकांमागे जवळजवळ चार जास्त जगल्या. एवढ्याशा फरकासाठी लाखो रुपयांची औषधं बाजारात आहेत, ती आपण मुकाट लिहून देतो. २०२२ मध्ये पॅरिसच्या युरोपियन कॉन्फरन्समध्ये निकाल मांडला आणि पुढच्या वर्षी मोठ्या अमेरिकन जर्नलमध्ये छापून आला, दडपलं वगैरे काही नाही. हां, एवढं खरं की लिग्नोकेन जुनं औषध, पेटंट नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या दारोदार जाऊन सांगायला कुठल्याच कंपनीचा एमआर (विक्री प्रतिनिधी) येत नाही.

यात दोन 'पण' आहेत. एक, दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, काहीच दिलं नव्हतं, आणि त्यावरून बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारलेत, विचारायलाच हवेत. दुसरं, या सगळ्या बायकांचं आधी ऑपरेशन ठरलं होतं, आधी केमो घेऊन मग टेबलावर येणाऱ्या यात नव्हत्या, त्यांना हा आकडा लावू नका. माझं मत विचाराल तर दुसऱ्या कुणीतरी हीच ट्रायल परत करावी, आणि तोवर या ट्रायलच्या निकषांत बसणाऱ्या पेशंटमध्ये हे करायला माझी हरकत नाही. तुमच्या सर्जनना बिनधास्त विचारा, ॲलर्जी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा.

प्रश्न : आईचा कॅन्सर कळला तेव्हाच हाडांत गेलेला. डॉक्टर स्तनाचं ऑपरेशन नको म्हणतात. पैसे नाहीत म्हणून टाळतायत का? गाठ तरी काढून टाका ना. (जळगाव)

दादा, तुमची तगमग समजते. पण टाळत नाहीयेत. अगदी हाच प्रश्न टाटामध्ये ट्रायल करून तपासलाय, २०१५ मध्ये छापून आलाय. ३५० बायका, सगळ्यांचा आजार सुरुवातीपासूनच पसरलेला, औषधाने आटोक्यात आल्यावर अर्ध्यांचं स्तनाचं आणि काखेचं ऑपरेशन, अर्ध्यांचं नाही. सरासरी आयुष्य १९.२ महिने आणि २०.५ महिने, आणि हो, १९.२ हे ऑपरेशनवाल्यांचं. म्हणजे फायदा शून्य. छातीवरचा आजार आटोक्यात राहिला पण लांबचा आजार उलट लवकर वाढताना दिसला. अमेरिकेतल्या ट्रायलनेही जगण्यात फरक नाही असंच सांगितलं. तुर्कस्तानात फायदा दिसला होता, पण तिथे ऑपरेशनच्या गटात मुळातच सौम्य आजारवाल्या जास्त होत्या.

विचार करा, सर्जनने स्वतःच वर्षानुवर्षं ट्रायल चालवायची आणि शेवटी सांगायचं की इथे आमची गरज नाही. माझ्या लेखी बडव्यांचं सगळ्यात मोठं काम हे आहे, पद्मश्री २०१३ ची, या पेपरच्या आधीची. जखम झाली, रक्त यायला लागलं, वास येतोय, तर आरामासाठी ऑपरेशन करतात, ते वेगळं. आईची गोळी-इंजेक्शनं चुकवू नका, सध्या सगळी ताकद तिथे लावा.

प्रश्न : आमच्या गावात मॅमोग्राफी नाही. आशाताईंनी हाताने तपासून उपयोग होतो का? (वाचक, गडचिरोली)

होतो. टाटाच्याच डॉ. इंद्रनील मित्रांनी, तेही ब्रेस्ट सर्जन, आणि त्यांच्या टीमने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून हे केलं, बडवेही त्यात होते. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका, अर्ध्या वस्त्यांत ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचं, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांनी हिशोब मांडला तर पन्नाशीच्या पुढच्यांत ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही. पुढच्या स्टेजला सापडण्याचं प्रमाणही तपासणी नसलेल्या वस्त्यांत ४७ टक्के, तर तपासलेल्यांत ३७ टक्के होतं. पण ट्रेनिंग नीट हवं, आणि गाठ सापडली तर पुढे कुठे पाठवायचं ते आधीच ठरलेलं हवं, नाहीतर तपासून बाई घरीच बसते.

प्रश्न : ट्रायलमध्ये सही करा म्हणतात. म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना? (पनवेल)

प्रयोग आहेच, त्याला दुसरं नाव देऊन मी गोड करणार नाही. वरच्या मुंबईच्या अभ्यासावरही, खास करून त्यातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवरून, टीका झाली की ज्या वस्त्यांत तपासणी नव्हती त्यांचं काय, आणि ती टीका निराधार नव्हती. म्हणून सहीआधी कागद मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, एथिक्स कमिटीची परवानगी आणि सरकारी ट्रायल रजिस्ट्रीचा नंबर विचारा. आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.