कुराण एकच आहे, मग हनफी, शाफई, शिया यांचे कायदे वेगळे कसे काय झाले?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. कुराणात कायदा सरळ लिहिलाय तर नियम वेगवेगळे का, सुरुवातीच्या लोकांनी मनाला येईल तसा अर्थ लावला का, आणि हे फरक आज कुठे लागू पडतात का. मधल्याचं उत्तर एका शब्दात, नाही. बाकीच्या दोनांना वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी मौलवी नाही, मुस्लिमही नाही, कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो. एलएलबीला मुस्लिम लॉचा पेपर पासापुरता केलेला. मग एका मुस्लिम कुटुंबाचा वाटपाचा दावा आला आणि मी नेहमीप्रमाणे हनफी धरून हिश्श्यांचा तक्ता करून मोकळा झालो (वेगळं काही सिद्ध केलं नाही तर आपली कोर्टं सुन्नी हनफी असंच धरून चालतात), तर पक्षकार शांतपणे म्हणाले, वकीलसाहेब, आम्ही शाफई (हनफी आणि शाफई हे सुन्नींचेच दोन कायदेपंथ). कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, घाटावरचे हनफी, हे तोवर मला माहीतच नव्हतं. त्या दाव्यात हिस्से शेवटी तेच आले पण मला लाज वाटली आणि त्यानंतर मी हे सगळं वाचायला लागलो.

कुराणात सहा हजारांच्या वर आयती (वचनं) आहेत (इराकमधल्या कूफा शहराच्या मोजणीने ६२३६) आणि त्यातल्या कायद्याच्या म्हणाव्यात अशा परंपरेने साधारण ५०० धरतात. त्यातसुद्धा नमाज, रोजे, हज यांच्याच पुष्कळ. पैगंबर ६३२ साली गेले आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत इराक, शाम (आजचा सीरिया आणि आसपासचा भाग), इजिप्त, इराण सगळं अरबांच्या हाती आलं, म्हणजे मदिनेत कुणी कधी विचारले नव्हते असे प्रश्न रोज काझीसमोर यायला लागले आणि हातात मजकूर तेवढाच. मग प्रत्येक शब्द पिळून बघायचा, दुसरं काय करणार.

आता एक शब्दच घेऊ. दुसऱ्या सूऱ्यातली (अध्यायातली) २२८ वी आयत म्हणते की तलाक झालेल्या बाईने तीन 'कुरू' थांबावं, म्हणजे इद्दत पाळावी, मगच दुसरं लग्न. आता गंमत अशी की कुरू या अरबी शब्दाचा अर्थ पाळी असाही होतो आणि दोन पाळ्यांच्या मधला शुद्धीचा काळ असाही. आपल्या 'परवा'सारखं बघा, परवा आलो आणि परवा येतो, शब्द एकच आणि दिवस पार उलट्या दिशेला, वाक्यावरून ओळखायचं. इथे वाक्यावरून ओळखता येत नाही हीच तर अडचण आहे.

पैगंबरांच्या जवळच्या लोकांतच यावर दोन पक्ष होते. उमर, अली, इब्न मसऊद पाळी म्हणायचे. आयशा, जैद बिन साबित, इब्न उमर शुद्धी म्हणायचे. पुढे कूफ्यात अबू हनीफांनी (मृत्यू ७६७, हनफी हे यांच्याच नावाचे) पहिला अर्थ धरला, मदिनेत मालिक (मृत्यू ७९५) आणि त्यांचे शिष्य शाफई (मृत्यू ८२०) यांनी दुसरा. आणि यांचे युक्तिवाद वाचा, एकदम हायकोर्टात बसल्यासारखं वाटतं. शाफईंच्या बाजूचे म्हणतात, अरबीत तीन ते दहा आकडे नामाच्या उलट लिंगात येतात, इथे आकडा स्त्रीलिंगी आहे, म्हणजे मोजायची वस्तू पुल्लिंगी पाहिजे, शुद्धीसाठीचा शब्द पुल्लिंगी, पाळीसाठीचा स्त्रीलिंगी, विषय संपला. हनफी म्हणतात, संपला कसा, कुरू हा शब्दच मुळात पुल्लिंगी आहे, आकडा शब्दाच्या लिंगाने चालतो, अर्थाच्या नाही. शिवाय तलाक शुद्धीच्या काळात द्यायचा असतो, तोच अर्धामुर्धा काळ पहिला म्हणून मोजला तर भरतात दोन आणि थोडे, आयत तर तीन म्हणते. त्यावर उत्तर असं की कुराणच हजला 'ठराविक महिने' म्हणतं, ते प्रत्यक्षात दोन महिने आणि दहा दिवस भरतात, तिथे चालतं मग इथे का नाही. आणि हनफींचा शेवटचा मुद्दा, जो मला तरी जड वाटतो, तो असा की पासष्टाव्या सूऱ्यात पाळी बंद झालेल्या बाईला तीन महिने सांगितलेत, म्हणजे महिने हे पाळीच्या जागी आलेत, तेव्हा मूळ मोजमाप पाळीच.

तुम्ही म्हणाल एवढ्याने काय फरक पडतो, चार दिवस इकडे-तिकडे. पण त्या चार दिवसांत नवरा मेला तर? मालिकांच्या मुवत्ता या ग्रंथात नेमकी हीच केस आहे. अहवस नावाचा एक माणूस शाममध्ये वारला, त्याने बायकोला आधी तलाक दिला होता आणि तिची तिसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती. ती वारस धरायची की नाही? शामचा कारभार बघणाऱ्या मुआवियांनी मदिनेला जैद बिन साबितना पत्र लिहून विचारलं, उत्तर आलं की तिसरी पाळी सुरू झाली तेव्हाच ती मोकळी झाली, आता ती त्याची वारस नाही आणि तो तिचा नाही. कूफ्यात हाच दावा लागला असता तर बाईला हिस्सा मिळाला असता. एका शब्दावर अख्खा हिस्सा.

आपल्याकडे हे नवीन वाटायला नको. 'सपिंड' या एका शब्दावर हिंदू वारसा कायद्याचे मिताक्षरा आणि दायभाग हे दोन पंथ वेगळे झालेच की, विज्ञानेश्वरांनी पिंड म्हणजे शरीर म्हटलं आणि जीमूतवाहनांनी श्राद्धातला भाताचा गोळा, आणि बंगालचा वारसा वेगळा झाला, आपला वेगळा.

शब्द सोडा, एका अक्षरावर पण भांडणं आहेत. वजूच्या (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याच्या) आयतीत डोकं पुसा असं आहे आणि डोक्याच्या आधी 'बि' हे अक्षर लागलंय, त्याने 'काही भाग' असा अर्थ होतो की नाही हा वाद. मालिक म्हणाले अख्खं डोकं, हनफी म्हणाले पाव, शाफई म्हणाले चार केस ओले झाले तरी पुसलं म्हणायचं. हे सोडून देतो, पुढचं जास्त मजेदार आहे.

वारसा. चौथ्या सूऱ्यात हिस्से चक्क अपूर्णांकात दिलेत, अर्धा, एक तृतीयांश, एक षष्ठांश, तेव्हा वाटतं इथे तरी अर्थ लावायला काय उरलंय. उरलंय! एकाच सूऱ्यात भावाबहिणींचे हिस्से दोनदा आलेत, १२ व्या आयतीत आणि अगदी शेवटी १७६ व्या आयतीत, आणि दोन्हीकडे आकडे वेगळे. फकीहांनी (कायदेपंडितांनी) तोडगा काढला की पहिली आयत आईकडून भाऊ-बहीण (आई एक, बाप वेगळे) यांच्यासाठी आणि शेवटची सख्ख्या आणि बापाकडच्या भावंडांसाठी. आयतीत 'आईकडून' असा शब्द नाही बरं का, साद बिन अबी वक्कास (पैगंबरांचे एक साथी) आयत म्हणायचे त्या पाठात तो होता असं सांगतात. पण हा अर्थ सगळ्यांनीच मान्य केला.

आता या तोडग्यातून एक केस उभी राहिली. बाई वारली. मागे नवरा, आई, आईकडून दोन भाऊ आणि दोन सख्खे भाऊ. सहा एकर जमीन धरा. नवऱ्याला अर्धी, तीन एकर. आईला सहावा हिस्सा, एक एकर. आईकडच्या भावांना मिळून एक तृतीयांश, दोन एकर. झाले सहा. सख्ख्या भावांना आयतीत ठराविक आकडा नाही, ते उरलेल्याचे मालक, आणि उरलं शून्य! म्हणजे आई एक पण बाप वेगळा ते दोन एकर घेऊन गेले आणि आई-बाप दोन्ही एक ते हात हलवत घरी. उमर खलिफा होते, त्यांनी असाच निकाल दिला. नंतर पुन्हा तशीच केस आली तेव्हा सख्खे भाऊ म्हणाले, हुजूर, समजा आमचा बाप गाढव होता, पण आई तर आमचीही तीच ना? उमरांना पटलं आणि त्यांनी त्या एक तृतीयांशात सगळ्या भावांना सारखं वाटून दिलं. कुणीतरी म्हणालं मागच्या वेळी तर तुम्ही वेगळा निकाल दिला होता, तर म्हणाले, तो तेव्हा दिला तसा, हा आत्ता देतो तसा. फिकहच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) पुस्तकांत या केसचं नावच 'हिमारिया' आहे, म्हणजे गाढवाची. मालिक आणि शाफई यांनी उमरांचा दुसरा निकाल घेतला, अबू हनीफा आणि अहमद बिन हंबल (मृत्यू ८५५, चौथ्या म्हणजे हंबली पंथाचे) यांनी घेतला नाही, त्यांचं म्हणणं हिस्से आयतीने ठरलेत, उरलं नाही तर नाही, बापाला गाढव म्हणून गणित बदलत नाही. माझा जीव सख्ख्या भावांकडे ओढतो पण वकील म्हणून विचाराल तर हनफी बाजू मजकुराला जास्त धरून आहे.

आणि कधीकधी हिस्से एकापेक्षा जास्तच भरतात. नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी, अर्धा अधिक दोन तृतीयांश, म्हणजे सहातले सात. उमरांनी सगळ्यांचे हिस्से प्रमाणात कमी केले, सहाऐवजी सातने भागलं, नवऱ्याला तीन, बहिणींना चार. याला औल म्हणतात. पैगंबरांच्या जवळच्यांपैकीच इब्न अब्बास यांना हे पटलं नाही, ज्याने वाळूचे कण मोजलेत तो मालमत्तेत असे न बसणारे हिस्से ठेवेल का, अशा अर्थाचं ते म्हणाले. शिया आजही औल मानत नाहीत. सुन्नींचे चारही पंथ (हनफी, मालिकी, शाफई, हंबली) मानतात.

मग मनाला येईल तसा अर्थ लावला असं का म्हणायचं नाही? कारण काय चालेल आणि काय नाही यावर पण त्यांची जबरदस्त हाणामारी चालली होती. हात तोडण्याची आयत घ्या, चोर पुरुष असो की बाई, हात तोडा, एवढंच आहे. किती चोरी, कुठून चोरी, कुठला हात, काही नाही. हनफींनी दहा दिरहमची (चांदीच्या नाण्यांची) मर्यादा धरली, मालिकांनी तीन, शाफईंनी पाव दीनार (सोन्याचं नाणं), सगळ्यांनी हदीसवरूनच (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींवरून) पण वेगवेगळ्या. उजवा हात कुठून आला? इब्न मसऊद आयत म्हणायचे त्या पाठात 'उजवे हात' असं होतं. शाफईंनी रिसाला नावाचा ग्रंथ लिहिला त्यातलं मुख्य म्हणणंच हे, की आयत सर्वसाधारण बोलते पण तिचा नेमका रोख पैगंबरांच्या हदीसने कळतो, स्वतःच्या पसंतीने नाही, आणि हनफी जो इस्तिहसान करतात, म्हणजे कियासने (आधीच्या नियमाशी साम्य लावून) निघालेला निकाल बरा वाटत नसेल तर जास्त चांगला वाटतो तो घेतात, त्याच्यावर ते तुटून पडलेत. मालिकांचा भरवसा मदिनेतल्या रोजच्या रिवाजावर, पिढ्यान् पिढ्या इथले लोक असंच करतात मग ते पैगंबरांपासूनच आलं असणार. म्हणजे आयत तीच, पण तिच्या शेजारी काय ठेवून ती वाचायची यावर खरा वाद. आणि शाफई स्वतः शेवटच्या वर्षांत इजिप्तला गेल्यावर त्यांची कितीतरी मतं बदलली, शिष्य 'जुनं मत' आणि 'नवीन मत' अशा दोन याद्या ठेवायचे.

मला वकील म्हणून न पचणारी एक गोष्ट सांगतो. कुराणातली सगळ्यात लांब आयत (२:२८२) कर्जाच्या कागदावर आहे, मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, दोन साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्याने टाळाटाळ करू नये, लहान रक्कम असो की मोठी लिहायचा कंटाळा करू नका. याहून स्पष्ट काय पाहिजे? तरी बहुसंख्य फकीह म्हणाले हा हुकूम नाही, सल्ला आहे, कारण पुढच्याच आयतीत 'एकमेकांवर भरवसा असेल तर' असं आहे. आणि काझीच्या कोर्टात वजन तोंडी साक्षीला, नुसत्या कागदाला नाही. शब्दशः अर्थ धरणाऱ्या जाहिरी पंथाने मात्र आज्ञा म्हणजे आज्ञा असं धरलं, माझं मत त्यांना.

आज कुठे लागतं म्हणाल तर ताटात लागतं. पाचव्या सूऱ्यात समुद्राची शिकार हलाल म्हटलीय. शाफई म्हणतात समुद्रातलं जवळजवळ सगळं आलं त्यात, हनफी म्हणतात फक्त मासा. म्हणून कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलेमांमध्ये आजही वाद आहे आणि आमच्या कोकणात हा प्रश्नच कुणाला पडत नाही. (शाफईंचा जन्म गाझाचा, समुद्राकाठचा, कूफा पार आत. यातून काही सिद्ध होत नाही, मला आपली गंमत वाटते.)

आणि कोर्टातही लागतं. नवरा बेपत्ता झाला तर बाईने किती थांबायचं यावर आयतच नाही. हनफींचं जुनं मत असं की त्याच्या वयाचे लोक मरेपर्यंत, म्हणजे बाईचं आयुष्य गेलंच. मालिकांनी उमरांचा निकाल धरून चार वर्षं म्हटलं. भारतात बहुतेक मुस्लिम हनफी, त्यामुळे बायका अडकून पडायच्या, शेवटी १९३९ साली मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला आणि त्यात पहिलंच कारण आहे, नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नाही. मी स्वतः या कलमाखाली अर्ज टाइप केलेत, आणि तो चार वर्षांचा आकडा मदिनेहून आलाय हे तेव्हा मला माहीत नव्हतं.