मधल्या सुट्टीत ती खांबाशी उभी असते

"मॅडम, आमची मुलगी एकलकोंडी झालीय," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आई म्हणाली. वडिलांनी मोबाइल पुढे केला. वर्गशिक्षिकेने पाठवलेला फोटो होता. मधली सुट्टी, पोरांनी भरलेलं मैदान आणि कडेला इमारतीच्या खांबाला पाठ लावून उभी असलेली आठ वर्षांची मुलगी, हातात डबा. खाली निरोप : 'रोज अशीच असते. कृपया लक्ष द्यावे.'

मी समुपदेशक. ही काळजी माझ्याकडे इतक्या वेळा येते, की पालक बोलायला लागले की पुढचं वाक्य मला ठाऊक असतं. 'घरात एवढी बडबड करते, मग तिथे काय होतं?' त्याच्या पुढचं जरा दबक्या आवाजात येतं. 'ऑटिझम वगैरे तर नसेल ना?' या आईनेही दोन्ही विचारलं. (ओळख कळू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.)

मी नेहमीचं सगळं विचारून घेतलं. झोप, भूक, अभ्यास ठीक. राहत्या इमारतीखाली संध्याकाळी पोरांच्या घोळक्यात असते, भांडतेसुद्धा. मावसभावंडं आली की घर डोक्यावर घेते. सात महिन्यांपूर्वी शाळा बदलली. का बदलली? वडील म्हणाले, "जुन्या शाळेला मैदानच नव्हतं हो. इथे केवढं मोठं आहे! मुद्दाम त्यासाठी घेतली ही शाळा."

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि लिहून विसरले.

नव्या शाळेत बुजलेली मुलगी, असं मी मनाशी धरून टाकलं आणि 'मला खेळायला घेता का?' हे कसं विचारायचं याची तालीम सुरू केली. आधी बाहुल्या घेऊन, मग मीच मैत्रीण होऊन. मुलगी हुशार. माझ्या खोलीत ती झकास विचारायची, मान जराशी तिरकी करून वगैरे. शाळेत काडीचा फरक नाही. तीन आठवडे असे घालवल्यावर तिनेच मला अडवलं. "पण ताई, विचारू कुणाला? ती थांबतच नाहीत."

मग मी तिला दोन्ही शाळांची चित्रं काढायला सांगितली.

जुनी शाळा बसकी, एकमजली, पुढे व्हरांडा. तिने व्हरांड्याचे सहा खांब काढले. दोन पायऱ्या काढल्या. पाण्याची टाकी आणि टाकीमागची बोळ, 'इथे लपायचं'. एका खिडकीचा कट्टा, 'इथे बसून चिडवायचं'. खांबांवर बोट ठेवून म्हणाली, "हे घर. खांबाला हात लावला की धरायचं नाही." पाच जणी असल्या की चार खांब चौघींचे आणि पाचवीवर राज्य. अगंबाई, खांबखांबोळ्या! मीही खेळलेला खेळ. तो आम्हाला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. खांब होते म्हणून खेळत होतो. मैदान नसलेल्या त्या शाळेत तिने मला खेळायच्या अकरा जागा मोजून दाखवल्या.

दुसऱ्या कागदावर तिने आधी जिना काढला. जीभ दातांत धरून, एकेक पायरी. अर्धा कागद जिन्यातच गेला. "सहासष्ट आहेत," ती म्हणाली. "मी रोज मोजते." तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. उरलेल्या जागेत, खालच्या कोपऱ्यात एक चौकोन : मैदान. आत काही नाही. चौकोनाच्या कडेला एक खांब, तो मात्र पेन्सिल दाबून, ठळक.

शाळेत जाऊन बघावं, हे आम्ही समुपदेशक एकमेकांना नेहमी सांगतो आणि वेळ नाही म्हणून टाळतो. या वेळी परवानगी काढून गेले आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत घड्याळ घेऊन उभी राहिले. सुट्टी 20 मिनिटांची. रांग करून तिसरीचा वर्ग खाली पोचायला 4 मिनिटं गेली. डबा खायला 8. वर जायची पहिली घंटा 3 मिनिटं आधी वाजते. खेळायला उरली 5. आता कुठलाही खेळ म्हटला की आधी चकायचं, कोण सुटलं, कुणावर राज्य आलं यावर वाद घालायचा, मग 'घर' कुठलं ते ठरवायचं. हे सगळं होईपर्यंत पाच मिनिटं सरतात. तळमजल्यावरच्या सहावी-सातवीच्या मुलांना हा प्रश्नच नव्हता. घंटा वाजताच ती मैदानात, आणि चेंडू सुरू. लहान वर्ग उतरेपर्यंत मैदान वाटून झालेलं असायचं.

मोठं मैदान आणि खेळायला जागा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मला त्या गॅलरीतून पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. सपाट, मोकळा, मधे काहीही नसलेला चौकोन हा चेंडूचा असतो. ज्याला जोरात पळता येतं त्याचा असतो. बाकीची मुलं पाण्यासारखी कडेला सरकतात. बॅरी थॉर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी प्राथमिक शाळांच्या सुट्ट्या अशाच उभं राहून पाहिल्या होत्या. मधली मोठी जागा मुलग्यांच्या खेळांनी व्यापलेली आणि मुली इमारतीलगतच्या छोट्या पट्ट्यांत, हे त्यांनी नोंदवलं. माझ्यासमोर तेच चाललं होतं. फक्त इथे इमारतीलगतची पट्टीही नव्हती. भिंत गुळगुळीत, ओटा नाही, पायरी नाही, कोनाडा नाही. एक खांब होता.

त्या खांबाशी ती होती. आणि तेव्हा मला तो मोबाइलवरचा फोटो नीट आठवला. त्यात ती मैदानाकडे बघतच नव्हती! तिची हनुवटी डावीकडे होती, पिण्याच्या पाण्याच्या नळांकडे. तिथे फरशीच्या रेघांवर दोन मुली लंगडी घालत होत्या. आजही होत्या. आजही ती त्यांच्याकडेच बघत होती. मधे पंधरा-वीस पावलांचं अंतर आणि त्या अंतरातून चेंडूची ये-जा. महिन्यापूर्वी एकदा चेंडू तिच्या कानशिलावर बसला होता, हे तिने नंतर सांगितलं. आईलाही माहीत नव्हतं.

मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, ते आम्ही अजून वापरतो. त्यांत एकट्याने खेळणारं मूल वेगळं, नुसतं रिकामं बसलेलं वेगळं आणि 'बघणारं' मूल वेगळं. बघणारं मूल एका ठरावीक घोळक्याकडे बघत असतं, त्यांचं बोलणं ऐकू येईल इतकं जवळ असतं, मधूनच काही विचारतं, सुचवतं. पार्टेन यांचं निरीक्षण पाच वर्षांखालच्या मुलांचं होतं, पण आठ वर्षांच्या मुलीलाही नव्या घोळक्यात शिरताना हाच उंबरठा ओलांडावा लागतो. आधी बघायचं, मग 'ए, ती आउट आहे' म्हणायचं, मग कधीतरी लिंबूटिंबू म्हणून आत. तुमच्या-आमच्या लहानपणी कट्ट्यावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघणाऱ्यांना कुणी एकलकोंडं म्हणत नव्हतं. या मुलीची अडचण एवढीच की तिचा उंबरठा खेळापासून वीस पावलं लांब होता. तिथून 'आउट' ओरडलं तरी ऐकू कुणाला जाणार?

वास्तुरचनेतल्या काही लोकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात हर्मन हर्ट्झबर्गर यांनी 1960 च्या दशकात एक माँटेसरी शाळा बांधली. तिच्या दालनात मधोमध त्यांनी एक चौकोनी पक्का ओटा ठेवला, हलवता न येणारा. वाटेत अडथळा वाटावा असा. मुलं त्यावर बसतात, त्याला रंगमंच करतात, त्याच्या कडेला सामान मांडतात. शिशुवर्गाच्या दालनात उलटं केलं : जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात सुटे लाकडी ठोकळे. ठोकळे बाहेर काढले की ती बसायची स्टुलं आणि खड्डा म्हणजे मुलांची खोली. त्यांच्याही आधी, 1947 पासून, आल्डो व्हान आइक यांनी ॲम्स्टरडॅममध्ये शेकडो छोटी क्रीडांगणं आखली. वाळूच्या हौदाला रुंद कठडा, काही बुटके दगडी ठोकळे, लोखंडी कमानी. कठड्यावर बसलेलं मूल खेळातही असतं आणि बाहेरही. मला हा कठडा फार आवडतो. मुलांसाठी एकच गोष्ट बांधा असं कुणी म्हणालं तर मी झोपाळा मागणार नाही, बसता येईल असा रुंद कठडा मागेन.

मुख्याध्यापिकांना मी एक पानाचं पत्र दिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि रोकडा प्रश्न विचारला : "कोपरे केले तर माझ्या दोन बाई दोनशे मुलांवर लक्ष कसं ठेवणार?" प्रश्न खरा आहे. त्याच वर्षी माझ्याकडे दुसऱ्या एका शाळेतला मुलगा येत होता. त्याच्या शाळेत कोपरे भरपूर होते आणि त्यांतल्याच एकात, जिन्याखाली, त्याला रोज दोन मुलं छळायची. त्यामुळे कोपरे हवेत असं मी सरसकट म्हणत नाही. मुलाला आडोसा वाटावा आणि उभ्या मोठ्या माणसाला पलीकडचं सगळं दिसावं, असं हवं. म्हणजे मुलांच्या छातीएवढी उंची, बस्स. प्रवेशद्वाराशी शोभेला मांडलेल्या मोठ्या सिमेंटच्या कुंड्या साधारण तेवढ्याच होत्या. त्यांपैकी आठ बाजूच्या भिंतीलगत हलवून नळांपासून खांबापर्यंत एक पट्टा वेगळा काढला. चेंडू कुंड्यांच्या पलीकडे. आणि मोडकी म्हणून अडगळीत टाकलेली तीन लांब बाकं, पाय कापून बुटकी केलेली, आत ठेवली. मिनिटांचा तिढा वर्गशिक्षिकेने सोडवला : तिसरीने डबा घंटेच्या आधी वर्गातच खायचा. पाचाची तेरा मिनिटं झाली. मला वाटतं, कुंड्यांपेक्षाही हे मोठं होतं.

लगेच जादू झाली नाही. पहिला आठवडा ती बाकावर बसून राहिली. आईचा फोन : "मॅडम, जागा बदलली, पण ती तशीच." मी म्हटलं, आता ती कुठे बघते ते विचारा, कुणाशी खेळली ते विचारू नका. 'आज कुणाशी खेळलीस?' हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण मुलाला तो रोजच्या परीक्षेसारखा लागतो. त्याऐवजी सुट्टीत कुठे होतीस, तिथून काय दिसतं, कुणाचा खेळ सगळ्यांत बरा चालला होता, हे विचारलं की मुलं बोलतात. घरी मैदानाचा नकाशा काढून घ्या. पाच मिनिटांत कळतं ते महिनाभराच्या चौकशीत कळत नाही.

शाळेची जागा कारणीभूत असेल तर मूल दुसरीकडे खेळतं, हा माझा पहिला निकष. सोसायटीत, नातेवाइकांत, कुठेच खेळत नसेल, समोरच्याशी बोलण्याची देवाणघेवाण जमत नसेल, हाक मारली तरी बरेचदा दाद देत नसेल, एकाच गोष्टीत तासन्‌तास तसंच अडकून राहत असेल, तर नकाशे काढत बसू नका, बालविकास तज्ज्ञांना दाखवा. चांगलं खेळणारं मूल अचानक थांबलं, सकाळी पोट दुखू लागलं, वस्तू हरवून किंवा फाटून येऊ लागल्या, तर त्याला कुणी त्रास देतंय का ते आधी बघा. या मुलीत यातलं काही नव्हतं. नव्या शाळेचं बुजरेपण थोडं होतंच, ते मी नाकारत नाही. जुन्या मैत्रिणीची आठवण काढून ती दोनदा माझ्याकडे रडलीही. कुंड्या हलवून ते दुःख हललं नाही.

महिन्याने मी पुन्हा त्या गॅलरीत उभी राहिले. ती बाकावरही नव्हती आणि खांबाशीही नव्हती. कुंड्यांमधून सहा-सात जणी वळसे घेत पळत होत्या आणि ती कंबरेवर हात ठेवून एकीशी तावातावाने भांडत होती. खाली गेल्यावर भांडण कशावरून ते विचारलं. एक कुंडी हलवताना फुटली होती, कडेचा टवका उडालेला. ती म्हणाली, "ताई, फुटकी कुंडी घर आहे. तिला हात लावला की धरायचं नाही. हे आधीच ठरलंय, आणि ही म्हणते ठरलंच नव्हतं."