हौशी बॉक्सिंग ही व्यावसायिक बॉक्सिंगची खालची पायरी आहे का?

तुमच्या १७ वर्षांच्या भावाला राज्य स्पर्धेत पदक मिळालंय, त्याबद्दल आधी त्याचं मनापासून अभिनंदन. आता त्याला लगेच व्यावसायिक व्हायचंय, आणि तुम्ही विचारताय की हौशी म्हणजे शाळा आणि व्यावसायिक म्हणजे कॉलेज, असंच हे आहे ना? मी विद्यापीठाकडून ६० किलो गटात खेळलो आहे, गेली बरीच वर्षं पुण्यात संध्याकाळी मुलांना शिकवतो. माझं मत स्पष्ट सांगतो: ही एकाच जिन्याची वरची-खालची पायरी नाही. हे दोन वेगळे धंदे आहेत, फक्त दोघांचं लहानपण एकाच घरात जातं.

आपल्याकडे 'हौशी' म्हटलं की नाटक आठवतं. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून तालमी करायच्या ती हौशी रंगभूमी, आणि नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे मिळतात ती व्यावसायिक. भारतातल्या बॉक्सिंगमध्ये हे गणित नेमकं उलटं आहे. इथे पोट भरतं ते हौशी बॉक्सिंग. राष्ट्रीय पदक मिळालं की लष्कर, रेल्वे, पोलीस यांच्याकडे खेळाडू म्हणून नोकरीची वाट उघडते. राष्ट्रीय शिबिरात राहणं, खुराक, डॉक्टर, परदेशातल्या स्पर्धा हे सगळं मिळतं. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये कोवळ्या वयातल्या मुलांनाही निवडून घडवतात. बीजिंगला २००८ मध्ये ७५ किलो गटात ब्राँझ मिळवणारा विजेंदर सिंग हरियाणा पोलिसांत डीएसपी होता. व्यावसायिक बॉक्सरच्या मागे असं काही नसतं. त्याच्यावर पैसे लावणारा प्रमोटर हवा, तिकीट काढून बघायला येणारे लोक हवेत, आणि दोन लढतींच्या मधल्या कोरड्या महिन्यांत घर चालवायची सोय हवी. प्रमोटर मिळाला नाही, तर हातातली ताकद तशीच राहते.

दुसरा फरक बाहेरच्या माणसाला दिसत नाही, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो: समोर कोण येणार हे कोण ठरवतं? हौशी स्पर्धेत ड्रॉ, म्हणजे जोड्या लावणारी सोडत ठरवते. पहिल्याच बाउटला जगज्जेता क्यूबन आला तर आला. आज जिंकलात तर एक-दोन दिवसांत पुन्हा रिंगमध्ये, तेही डावखुऱ्याशी किंवा तुमच्यापेक्षा वीतभर उंच मुलाशी. व्यावसायिकात प्रतिस्पर्धी निवडला जातो. होतकरू मुलाचं रेकॉर्ड बांधतात: आधी चार राउंड, मग सहा, मग आठ, आणि प्रत्येक वेळी थोडा कठीण माणूस. त्यामुळे '१०-०', म्हणजे दहा विजय आणि शून्य पराभव, असा आकडा ऐकून भारावून जाऊ नका, ते दहा जण कोण होते ते बघा. उलट हौशी बॉक्सरच्या नावावर वीस पराभव असले तरी मला त्याचं काही वाटत नाही. ते पराभव त्याला कुणी निवडून दिलेले नसतात, आणि शिकण्याची खरी जागा तीच आहे.

आता रिंगमधलं. हौशी लढत तीन मिनिटांचे तीन राउंड, म्हणजे नऊ मिनिटं. व्यावसायिक अजिंक्यपदाची लढत बारा राउंड, म्हणजे छत्तीस मिनिटं. (पूर्वी पंधरा असायचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर ते बारावर आणले.) नऊ मिनिटांत उधारी चालत नाही, पहिल्या बेलपासून गुण घ्यावे लागतात. छत्तीस मिनिटांत सुरुवातीचे राउंड देऊनही माणूस जिंकतो. बरगड्यांवर आणि पोटावर मारलेला ठोसा व्यावसायिकात गुंतवणूक असते, त्याचं व्याज नवव्या राउंडला मिळतं. हौशीत ते व्याज घ्यायला वेळच नसतो.

मी पहिल्यांदा एका व्यावसायिक बॉक्सरशी सहा राउंडचं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत केली, तेव्हा पहिले दोन राउंड माझे होते. तो मारत नव्हता, नुसता माझ्यावर भार टाकून टेकत होता आणि अधूनमधून कोपराच्या खाली एक ठोसा ठेवत होता. तिसऱ्या राउंडची बेल वाजली आणि माझ्या शरीराने ठरवून टाकलं की लढत संपली. चौथ्याला उभा राहिलो तेव्हा पाय माझे नव्हते. दम कमी पडला असं नाही, वर्षानुवर्षं अंगात भिनलेलं घड्याळच नऊ मिनिटांचं होतं. कुस्तीवाल्यांना हे लगेच कळेल. मातीत वाढलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये गादीवर उतरले आणि सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. डाव तेच होते, जमीन बदलली होती.

ग्लोव्हजचंही तसंच. वेल्टरवेटपर्यंतचे (म्हणजे साधारण ६७ किलोपर्यंतचे) व्यावसायिक आठ औंसांचे घालतात, हौशीत दहा किंवा बाराचे असतात. वजन हौशीत बाउटच्या दिवशी सकाळी द्यायचं, व्यावसायिकात आदल्या दिवशी. त्यामुळे तिथे पाणी तोडून कित्येक किलो उतरवायचे आणि रात्रीत भरून काढायचे, हा प्रकार चालतो. तुमच्या भावाने या वयात ते शिकू नये, एवढं माझं ऐका.

गुण देण्याची पद्धत मात्र आता दोन्हीकडे जवळ आली आहे. १९८८ ला सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला स्पष्ट हरवूनही निकाल ३-२ असा पार्कच्या बाजूने गेला. मग १९९२ पासून जजच्या हातात बटणं आली, ठोसा लागलेला दिसला की दाबायची, आणि मुलं नुसती टिचकी मारून पळायला शिकली. पोटावरच्या ठोशाला कुणी बटण दाबेना. २०१३ पासून व्यावसायिकासारखे राउंड जिंकणाऱ्याला दहा गुण आले, पुरुषांचे हेडगार्डही निघाले, आणि हौशी बॉक्सिंगला बॉक्सिंगचं रूप परत आलं.

मग इकडून तिकडे गेलेल्यांचं काय होतं? पीट रॅडमाकरने १९५६ ला हेवीवेटचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि १९५७ मध्ये आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक लढत थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनशी घेतली. दुसऱ्या राउंडला त्याला खाली पाडलंही, सहाव्याला स्वतः बाद झाला. युक्रेनचा लोमाचेन्को दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन व्यावसायिकात आला, हौशी कारकिर्दीत एकच पराभव, तरी २०१४ मध्ये दुसऱ्याच लढतीत मुरलेल्या ऑर्लांडो सालिडोने त्याला हरवलं. तिसऱ्या लढतीत मात्र तो जगज्जेता झाला.

उलट दिशा बघा. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये व्यावसायिकांना प्रथमच परवानगी मिळाली. तिघेच पात्र ठरले, त्यात आयबीएफ या व्यावसायिक संघटनेचा माजी फ्लायवेट जगज्जेता थायलंडचा अमनात रुएनरोएंगही होता. एकालाही पदक मिळालं नाही. खालची पायरी असती तर असं झालं असतं का?

आपला विकास कृष्ण २०१९ मध्ये अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकून परत आला आणि टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. तिथे पहिल्याच लढतीत दुखऱ्या खांद्याने हरला. विजेंदर २०१५ ला मँचेस्टरमध्ये व्यावसायिक झाला, डब्ल्यूबीओ या दुसऱ्या व्यावसायिक संघटनेचा आशिया पॅसिफिक किताब मिळवला. पहिला व्यावसायिक पराभव त्याच्या वाट्याला आला तो गोव्यात, मार्च २०२१ मध्ये पणजीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. समोर रशियाचा उंचापुरा लोप्सान होता. पस्तिशी ओलांडलेला माणूस वर्षभराहून अधिक काळानंतर रिंगमध्ये उतरला होता. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, पण व्यावसायिकात असे कोरडे महिने पदकविजेत्यालाही चुकत नाहीत.

भावाला माझे दोन प्रश्न विचारा. आतापर्यंत किती बाउट झाल्या, आणि त्यात डावखुऱ्यांशी किती? पन्नासच्या आत असतील तर निदान २१ पर्यंत त्याला हौशीतच लढू द्या: विद्यापीठ, राष्ट्रीय, जमलं तर सेनादल. मधे महिन्यातून एकदा कोचच्या नजरेखाली मोठे ग्लोव्हज आणि हेडगार्ड घालून सहा राउंड सावकाश स्पारिंग करू दे. चौथ्या राउंडला त्याचे हात कुठे असतात ते तुम्ही स्वतः जाऊन बघा, आणि मला इथे कळवा.